मुक्तस्रोत हिशेब-प्रणालींची देखभाल : ‘जीएनयूखाता’च्या विशेष संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठी मुलखातील हिशेबलेखनाची परंपरा जुनी आहे. पेशवे दफ्तरातील मोडी रोजकीर्दी पाहिल्या असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. जमाखर्च लिहिणारा कारकून बदलला तरी किर्दीची रीत बदलत नसे. एकाने लिहिलेले दुसऱ्यास वाचता येत असे, तपासता येत असे आणि चूक आढळल्यास ती दाखवून देता येत असे. वही आणि वही लिहिण्याची रीत या दोन्ही गोष्टी हिशेब ठेवणाऱ्याच्या ताब्यात होत्या. संगणकावर हिशेब ठेवले जाऊ लागल्यापासून या स्थितीत मूलगामी बदल झाला. नोंदी संस्थेच्या राहिल्या. परंतु त्या नोंदींची खतावणी कशी होते, तेरीज कशी निघते, कराची आकारणी कोणत्या सूत्राने होते, ही रीत मात्र सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कंपनीच्या बंदिस्त आज्ञावलीत गेली.

या स्थितीला उत्तर म्हणून मुक्तस्रोत हिशेब-प्रणालींची निर्मिती झाली. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मुंबईत विकसित झालेली ‘जीएनयूखाता’ आणि ‘ईआरपीनेक्स्ट’ ही दोन नावे प्रामुख्याने घ्यावी लागतात. अशा प्रणालींविषयी मराठीत जे लेखन होते, त्याचा सूर बहुधा गौरवाचा किंवा उपेक्षेचा असतो. ‘विनामूल्य आहे, म्हणून स्वीकारा’ असे एक पक्ष म्हणतो, तर ‘विनामूल्य आहे, म्हणजे भरवशाची नसणार’ असे दुसरा. दोन्ही पक्ष किमतीवर थांबतात. हिशेब-प्रणालीचे मूल्यमापन तिच्या किमतीवरून किंवा निर्मितीच्या प्रसंगावरून न करता तिच्या देखभालीवरून केले पाहिजे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. देखभाल थांबली की परवान्यातील स्वातंत्र्य कागदावर उरते. आणि या देखभालीत ज्या ज्ञानाची गरज असते, त्यातील बराच भाग वाणिज्य विद्याशाखेकडे आहे.

मुक्तता म्हणजे काय?

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना केली. या विचारधारेत चार स्वातंत्र्ये मूलभूत मानली जातात : सॉफ्टवेअर कोणत्याही कारणासाठी वापरणे, त्याचा अभ्यास करून गरजेनुसार बदल करणे, त्याच्या प्रती इतरांना देणे आणि बदललेली आवृत्ती इतरांपर्यंत पोहोचविणे. यांपैकी दुसरे व चौथे स्वातंत्र्य सोर्स कोड उपलब्ध असल्याखेरीज संभवत नाही. ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे शब्द इंग्रजीप्रमाणे मराठीत एक नाहीत, ही आपल्या भाषेची सोय आहे; तिचा लाभ घेतला जात नाही, एवढेच.

‘जीएनयूखाता’साठी निवडलेला परवाना या दृष्टीने लक्षणीय आहे. हे सॉफ्टवेअर जीएनयू अफेरो जनरल पब्लिक लायसन्सच्या तिसऱ्या आवृत्तीखाली दिले जाते. हा परवाना २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एखाद्याने या परवान्याखालील सॉफ्टवेअरमध्ये बदल करून ते आपल्या सर्व्हरवर ठेवले आणि इतरांना इंटरनेटद्वारे वापरू दिले, तर बदललेला सोर्स कोडही त्या वापरकर्त्यांना उपलब्ध करून द्यावा लागतो. दुसऱ्याच्या संगणकावर हिशेब ठेवण्याची पद्धत रूढ होत असताना ही अट वापरकर्त्याच्या बाजूने उभी राहते. परवान्याच्या पातळीवर ही निवड विचारपूर्वक झालेली दिसते.

मूल्यमापनाचे निकष

निकष ठरविताना प्रत्यक्ष वापरकर्ता डोळ्यांसमोर ठेवणे अगत्याचे आहे. मावळ तालुक्यातील परंदवडीसारखे गाव त्यासाठी उदाहरणादाखल घेता येईल. सोमाटणे परिसरातील या भागात भाताच्या खाचरांबरोबर फुलशेती रुजली आहे. मावळच्या पॉलिहाऊसमधील गुलाब दरवर्षी फेब्रुवारीत परदेशी जातो, आणि त्यानंतर महिना-दीड महिन्यात ३१ मार्च येतो. अशा गावांत जमाखर्च लिहिणारे घटक अनेक असतात : विविध कार्यकारी सेवा सोसायटी, दूध संस्था, महिला बचत गट, देवस्थानाचा न्यास, शाळा चालविणारी शिक्षणसंस्था आणि स्वतः फूलउत्पादक शेतकरी. यांपैकी बहुतेकांजवळ पूर्णवेळ लेखापाल नसतो. हिंजवडीचे संगणक उद्यान येथून दूर नाही. परंतु तेथील कौशल्याचा या दप्तरांशी क्वचितच संबंध येतो.

अशा वापरकर्त्याच्या दृष्टीने चार प्रश्न महत्त्वाचे ठरतात. पहिला, कायदा बदलला की प्रणाली वेळेवर बदलते का? दुसरा, आज ती सांभाळणारे लोक उद्या नसले तर तिचे काय होणार? तिसरा, संस्थेला ज्या भाषेत व ज्या नमुन्यात हिशेब सादर करावे लागतात, ती भाषा व तो नमुना प्रणालीत आहे का? आणि चौथा, प्रणाली सोडावी लागली तर जुन्या वर्षांच्या नोंदी सुरक्षितपणे बाहेर काढता येतात का? या चारही प्रश्नांचा रोख देखभालीकडे आहे.

‘जीएनयूखाता’ची बलस्थाने

‘जीएनयूखाता’ची उभारणी मुंबईतील दृष्टिबाधित संगणकतज्ज्ञ कृष्णकांत माने यांच्या पुढाकारातून झाली. प्रारंभीच्या काळात हा प्रकल्प कॉमेट मीडिया फाउंडेशन या मुंबईतील संस्थेशी निगडित होता. पुढे डिजिटल फ्रीडम फाउंडेशनने त्याची धुरा घेतली. पायथन ही संगणकभाषा आणि पोस्टग्रेएसक्यूएल हा माहितीसंच यांवर ही प्रणाली आधारलेली असून दोन्ही साधने स्वतः मुक्त आहेत. हिशेबाचे नियम सांभाळणारा गाभा आणि वापरकर्त्याला पडद्यावर दिसणारा भाग हे तिच्यात एकमेकांपासून अलग ठेवलेले आहेत. त्यामुळे गाभ्याला हात न लावता दर्शनी भाग नव्याने रचता येतो. देखभालीच्या दृष्टीने ही रचना दूरदर्शी म्हणावी लागेल.

तिच्या रचनेतील आणखी दोन गोष्टींचा उल्लेख आवश्यक आहे. संस्थेची नोंद करतानाच ती नफा मिळविणारी आहे की ना-नफा तत्त्वावर चालणारी, असा प्रश्न विचारला जातो. व्यापारी पेढीला नफा-तोटा पत्रक हवे असते, तर न्यासाला वा शिक्षणसंस्थेला उत्पन्न-खर्च पत्रक. व्यापारी वर्ग समोर ठेवून घडविलेल्या प्रणालीत सामाजिक संस्थेला आपला हिशेब परक्या साच्यात बसवावा लागतो. येथे तिची वेगळी गरज आरंभीच मान्य केलेली आहे. दुसरी गोष्ट भूमिकांच्या विभागणीची. व्यवस्थापक, नोंद करणारा, अंतर्गत लेखापरीक्षक आणि गोदामप्रमुख अशा भूमिका निराळ्या मानून त्यांचे अधिकार निराळे ठेवलेले आहेत. लिहिणारा आणि तपासणारा एकच असू नये, हे लेखापरीक्षणाचे जुने तत्त्व त्यातून प्रणालीच्या रचनेतच उतरले आहे.

मर्यादा : सातत्याचा प्रश्न

निर्मितीच्या बाजूने प्रशंसनीय असलेला हा प्रकल्प देखभालीच्या कसोटीवर तपासला असता प्रश्न उभे राहतात. सोर्स कोडच्या प्रत्येक फाइलच्या आरंभी हक्कविषयक निवेदन असते. ते एखाद्या हस्तलिखिताच्या पुष्पिकेप्रमाणे वाचता येते. २०१३ पासूनच्या निवेदनांत डिजिटल फ्रीडम फाउंडेशनचे नाव येते. २०१७ पासून त्याच्या जोडीला ॲक्सियन लॅब्स या खासगी कंपनीचे नाव दिसू लागते. स्वयंसेवी संस्था, तिच्यानंतर प्रतिष्ठान, आणि त्याच्या जोडीला कंपनी असा हा प्रवास आहे. आश्रयदाता बदलणे हा दोष नव्हे. किंबहुना मुक्त परवान्यामुळेच असा बदल शक्य झाला. तथापि हिशेब-प्रणालीचे काम प्रकल्पाच्या मुदतीत संपणारे नसते आणि आश्रयदात्यांचे साहाय्य मात्र बहुधा मुदतीचे असते. ही विसंगती या प्रकल्पापुरती मर्यादित नाही, ती सर्वच मुक्तस्रोत हिशेब-प्रणालींच्या मुळाशी आहे.

शब्दसंस्करणाचे सॉफ्टवेअर दहा वर्षे तसेच ठेवले तरी त्यावर पत्र लिहिता येते. हिशेब-प्रणालीचे तसे नाही. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर आला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि करगणनेची सगळी चौकट बदलली. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटी रुपयांवरील उलाढालीच्या व्यावसायिकांना ई-बीजक अनिवार्य झाले. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराच्या दरांची फेररचना झाली आणि १२ व २८ टक्क्यांच्या श्रेणींतील बहुसंख्य वस्तू अनुक्रमे ५ व १८ टक्क्यांच्या श्रेणींत गेल्या. यांतील प्रत्येक तारखेच्या आत प्रणालीत बदल झाला नाही, तर दुसऱ्या दिवशी निघणारे बीजक चुकीचे ठरते. चुकीचा दंड वापरकर्ता भरतो, सॉफ्टवेअर लिहिणारा नव्हे.

बंदिस्त सॉफ्टवेअरचे यशही याच ठिकाणी समजून घ्यावे लागते. श्यामसुंदर गोयंका आणि भरत गोयंका या पितापुत्रांनी १९८६ मध्ये बंगळूरमध्ये आरंभिलेल्या उद्योगातून ‘टॅली’ घडली. देशभरातील व्यापाऱ्यांनी ती स्वीकारली, याचे श्रेय केवळ जाहिरातीला देता येणार नाही. कायदा बदलला की नवी आवृत्ती येते, आणि अडले तर तालुक्याच्या ठिकाणी सांगणारा कोणी भेटतो, हा विश्वास तिने मिळविला. मुक्तस्रोताच्या समर्थकांनी ही बाब पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही.

‘ईआरपीनेक्स्ट’ : दुसरी वाट

या पार्श्वभूमीवर मुंबईतच आकारास आलेल्या ‘ईआरपीनेक्स्ट’चे उदाहरण तुलनेसाठी उपयुक्त ठरते. रुषभ मेहता यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या, आणि पुढे फ्रापे टेक्नॉलॉजीज या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या कंपनीने ही प्रणाली विकसित केली. ती जनरल पब्लिक लायसन्सच्या तिसऱ्या आवृत्तीखाली मुक्त आहे. सॉफ्टवेअर विकण्याऐवजी ते सर्व्हरवर चालवून देणे, साहाय्य करणे आणि संबंधित सेवा पुरविणे यांतून कंपनी उत्पन्न मिळविते. म्हणजेच देखभाल हाच येथे व्यवसाय आहे.

२०२२ मध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीपासून भारतातील वस्तू व सेवा कराशी निगडित भाग मुख्य प्रणालीतून काढून ‘इंडिया कंप्लायन्स’ या स्वतंत्र जोड-प्रणालीत ठेवण्यात आला. भारतीय करकायदा मुख्य प्रणालीच्या वेळापत्रकाची वाट पाहत नाही, ही जाणीव या निर्णयामागे दिसते. जे वारंवार बदलते ते वेगळे ठेवावे आणि त्यासाठी वेगळी माणसे नेमावीत, हा धडा अन्य मुक्तस्रोत प्रकल्पांनीही घेण्याजोगा आहे.

असे असले तरी ही वाट निर्दोष मानता येत नाही. ‘ईआरपीनेक्स्ट’ची व्याप्ती मोठी आहे. खरेदी, साठा, उत्पादन, विक्री अशा अनेक अंगांना कवेत घेणारी ही प्रणाली मध्यम उद्योगाला सोयीची वाटते. परंदवडीतील बचत गटाला ती पेलणारी नाही. शिवाय ज्या देखभालीसाठी पैसे देणारा ग्राहक आहे, ती देखभाल आधी होते, हे व्यवसायाचे स्वाभाविक तर्कशास्त्र आहे. ज्याच्याजवळ पैसे नाहीत, त्याच्या गरजा सर्वांत शेवटी येतात. म्हणजे ‘जीएनयूखाता’ने ज्या वर्गाची गरज ओळखली, त्या वर्गासाठी देखभालीचा स्थायी आधार नाही, आणि जिथे असा आधार आहे तिथे तो वर्ग केंद्रस्थानी नाही.

फेरबदलाचे स्वातंत्र्य आणि नोंदींची अभंगता

मुक्तस्रोत हिशेब-प्रणालीविरुद्ध एक तात्त्विक आक्षेप घेतला जातो. सोर्स कोड बदलण्याची मुभा प्रत्येकाला असेल, तर हिशेबातील नोंदी मागाहून बदलणार नाहीत याची हमी कोण देणार? २०२१ मध्ये दुरुस्त झालेल्या कंपनी (लेखा) नियमांमुळे हा आक्षेप अधिक टोकदार झाला आहे. १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षापासून कंपन्यांनी वापरलेल्या हिशेब-प्रणालीत प्रत्येक फेरबदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ही सोय बंद करता येता कामा नये, अशी अट आहे.

या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही; परंतु तो अर्धाच आहे. रीत बदलण्याचे स्वातंत्र्य आणि नोंद बदलण्याची मुभा या दोन भिन्न गोष्टी आहेत. रोजकीर्दीत खाडाखोड करू नये, चूक झाल्यास उलट नोंद करून ती दुरुस्त करावी, हा नियम पुस्तपालनाच्या पहिल्या वर्षी शिकविला जातो. हा नियम संगणकात पाळला जातो की नाही, हे बंदिस्त प्रणालीत विक्रेत्याच्या शब्दावर मानावे लागते. मुक्तस्रोत प्रणालीत जाणकार लेखापरीक्षक ते स्वतः तपासू शकतो. येथे अडचण अशी की सोर्स कोड वाचू शकणारे लेखापरीक्षक आणि लेखापरीक्षण जाणणारे संगणकतज्ज्ञ, दोघेही विरळा आहेत. तपासणारा नसेल तर उघडी आज्ञावलीही बंदिस्तच राहते. हा दोष परवान्याचा नसून शिक्षणव्यवस्थेचा आहे.

भाषा आणि नमुने

कीर्द, खतावणी, जमा, नावे, तेरीज, ताळेबंद ही मराठीतील परिभाषा आयती व प्रगल्भ आहे. कनिष्ठ महाविद्यालयातील पुस्तपालनाच्या विद्यार्थ्याला ती परिचित असते. तरीही संगणकासमोर बसताच तोच विद्यार्थी इंग्रजी संज्ञांकडे वळतो. १९९८ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या ‘ग्नूकॅश’ या जागतिक मुक्तस्रोत प्रणालीत २०१४ च्या सुमारास पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या कामातून मराठीसह अनेक भारतीय भाषांची भाषांतरे समाविष्ट झाली. हा उपक्रम स्तुत्य होता. परंतु भाषांतर हेही देखभालीचेच काम आहे. प्रत्येक आवृत्तीत नवे शब्द, नव्या सूचना येतात. त्यांचे मराठी रूप देणारे कोणी नसेल तर पडद्यावर अर्धी मराठी आणि अर्धी इंग्रजी दिसू लागते, आणि वापरकर्ता कंटाळून पूर्ण इंग्रजी स्वीकारतो.

नमुन्यांचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रातील सहकारी संस्थेला १९६१ च्या नियमांनुसार ‘एन’ नमुन्यात ताळेबंद व नफा-तोटा पत्रक द्यावे लागते. सार्वजनिक न्यासाला १९५१ च्या नियमांतील आठव्या व नवव्या अनुसूचीप्रमाणे ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक सादर करावे लागते. हे नमुने एका राज्यापुरते असल्याने देशव्यापी बाजारपेठ असलेल्या विक्रेत्याला त्यांच्याविषयी फारशी आस्था असण्याचे कारण नाही. फेरबदलाच्या स्वातंत्र्याची खरी उपयुक्तता नेमकी येथे आहे. एखाद्या महाविद्यालयाने असा नमुना एकदा तयार करून मूळ प्रकल्पाला दिला, तर राज्यातील प्रत्येक संस्थेला तो विनासायास वापरता येईल.

महाविद्यालयांची भूमिका

केरळमधील उदाहरण या संदर्भात विचार करायला लावणारे आहे. तेथील शालेय शिक्षणात २००१ पासून आयटी@स्कूल प्रकल्पाद्वारे संगणकशिक्षण रुजले आणि पुढे ते मुक्त सॉफ्टवेअरवर आधारले गेले. त्या राज्याच्या उच्च माध्यमिक स्तरावरील संगणकीय लेखांकनाच्या पाठ्यक्रमात ‘जीएनयूखाता’चा समावेश झाला. मुंबईत घडलेली हिशेब-प्रणाली मल्याळी विद्यार्थी वर्गात शिकले; महाराष्ट्रातील वाणिज्य महाविद्यालयांत मात्र संगणकीय लेखांकन म्हणजे ‘टॅली’ हे समीकरण रूढ राहिले. पाठ्यक्रमात स्थान मिळणे हा देखभालीचा एक मार्ग आहे, कारण त्यामुळे दरवर्षी हजारो वापरकर्ते प्रणाली तपासतात, तिच्यातील उणिवा उघड होतात आणि शिक्षकांचा एक जाणता वर्ग तयार होतो.

भारत सरकारने २०१५ मध्ये शासकीय प्रणालींसाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. गावपातळीवरील सोसायटीचे दप्तर संगणकावर जाण्याचा हा काळ आहे. या दप्तरांची रीत समजणारी माणसे गावाजवळ असावीत, असे वाटत असेल तर ती वाणिज्य महाविद्यालयांतूनच यावी लागतील. विद्यार्थ्याला कोणती कळ दाबायची एवढेच शिकविले, तर तो एका कंपनीच्या एका आवृत्तीचा चालक होतो. कळ दाबल्यावर खतावणीत काय घडते हे त्याने पाहिले, तर तो लेखापाल होतो.

प्रकल्पकार्याच्या नावाखाली दरवर्षी सादर होणाऱ्या व कपाटात पडून राहणाऱ्या अहवालांऐवजी वाणिज्य आणि संगणकशास्त्र विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून ‘एन’ नमुना तयार करणे, बदललेले करदर तपासणे, मराठी संज्ञांची फेरतपासणी करणे, वापराची मार्गदर्शिका लिहिणे अशी कामे हाती घ्यावीत. यांतील निम्म्याहून अधिक कामांसाठी सोर्स कोड लिहिता येणे आवश्यक नाही. पुस्तपालनाचे पक्के ज्ञान आणि नेटके मराठी त्यांना पुरेसे आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) ‘जीएनयूखाता’ने परवाना, रचना आणि ना-नफा संस्थांचा विचार या तीन बाबतींत उल्लेखनीय कामगिरी केली. तिच्यापुढील मुख्य प्रश्न गुणवत्तेचा नसून सातत्याचा आहे.

२) ‘ईआरपीनेक्स्ट’ने देखभालीला व्यवसायाचा आधार देऊन सातत्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडविला, परंतु लहान ग्रामीण संस्था त्या व्यवसायाच्या कक्षेत सहजपणे येत नाहीत.

३) हिशेब-प्रणालीची देखभाल हे केवळ संगणकतज्ज्ञाचे काम नाही. करकायदा, लेखापरीक्षणाचे संकेत, वैधानिक नमुने आणि भाषा यांचे ज्ञान त्यात तितकेच महत्त्वाचे आहे.

४) हे ज्ञान असलेली महाविद्यालये आजवर या कामापासून दूर राहिली. मुक्तस्रोत प्रणाली टिकत नाहीत ही तक्रार करण्यापूर्वी वाणिज्य विद्याशाखेने या अलिप्ततेचा विचार करणे गरजेचे आहे.

किर्दीची रीत एकेकाळी एका कारकुनाकडून दुसऱ्याकडे जात होती, म्हणून ती टिकली. परंदवडीतील सोसायटीच्या सचिवाला आपल्या संगणकातील हिशेबाची रीत विचारण्यासाठी तालुक्यातील महाविद्यालयाचे दार ठोठावता आले, तर मुक्तस्रोताच्या परवान्यात लिहिलेले स्वातंत्र्य त्याच्यापर्यंत पोहोचले असे म्हणता येईल.